हँडलचं पलीकडचं टोक

मामंजी, मी तुमची धाकटी सून लिहितेय. अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्या. शाळा चौथीपर्यंतची, आणि तिच्यातली अर्धी शेरडांच्या मागं गेली. तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता गावात चार-पाचच उरलीत. इतकी वर्षं झाली, तरी मी आज अशा खुशीत आहे की कुणाला सांगितल्याशिवाय भाकरी घशाखाली उतरायची नाही. लेकाला सांगितलं तर तो डॉक्टरकडं नेईल. शेजारणीला सांगितलं तर ती अंगारा आणेल. तुम्ही यातलं काही करणार नाही. तुम्ही नुसतं "मग?" म्हणाल आणि ऐकत राहाल. म्हणून नातसुनेच्या वहीतली कोरी पानं घेतलीत आणि उन्हाला पाय पसरून बसलेय.

आधी घरचं सांगते. कोऱ्हाळ्यात आता सगळीकडं ऊसच ऊस आहे, तुमच्या वेळच्या बाजरीच्या पट्ट्या शोधून सापडायच्या नाहीत. आपली शेड आहे तशीच परसात आहे. पत्रा नवा घातलाय, आणि दोन वर्षांपूर्वी लेकानं खाली शहाबादी फरशी टाकली. लेथ तोच, तुमचाच. पट्टा बदलला, मोटर दोनदा भरून आणली, पण गुरगुरणं तेच. मोठी कामं केव्हाच बारामतीच्या एमआयडीसीत गेली. माझ्याकडं येतात ती जुनी दुखणी: रसाच्या घाण्याचं चाक, गुऱ्हाळाच्या चरकाचा गिअर, कुणाच्या तरी आजोबाच्या काळातला पंप. ज्याचा सुटा भाग कुठं मिळत नाही आणि ज्याला टेपरचं, एका तोंडाकडं निमुळतं होत जाणारं भोक हातानं पाडावं लागतं, तो माणूस विचारत विचारत माझ्या दारात येतो. दारात आल्यावर म्हणतो, "आज्जी, मिस्त्री कुठं हायेत?" मी म्हणते, "मिस्त्री हितंच हाय, तू आधी चपला काढ." त्याचं तोंड बघायला मला अजून मजा वाटते.

तुम्ही मला हे काम का शिकवलंत ते मला ठाऊक आहे. हौस म्हणून नाही. हे कारखान्यावर पाळीला जायचे, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. लेथ तुम्ही आवाजावर चालवायचा, पण टेपर भोकाचं शेवटचं काम हाताचं आणि नजरेचं. मला डाळजच्या माहेराहून येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी शेडच्या दाराशी चहा ठेवून परत फिरायची, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "पोरी, थांब. आत ये. अन् तो पदर डुईवरनं काढून कमरंला खोच. यंत्राला सासरा-सून कळत न्हाय, ते पदराबरुबर माणूस वढून घेतं." मी दगडासारखी उभी. सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं! सासूबाई चुलीपासनं ओरडल्या, "गावात तोंड दावायला जागा ठिवा!" तुम्ही म्हणालात, "तोंड र्‍हाऊ दे, तिचा हात साबूत र्‍हाऊ दे." चार दिवसांनी तुमच्या जुन्या धोतराचा बिनबाह्यांचा अंगरखा सासूबाईंनीच शिवून दिला. शिवताना बोलल्या नाहीत, पण बंद मात्र दुहेरी लावले. आयुष्यात मला लुगडी-पातळं पुष्कळ मिळाली, अंगावर मापाचं बसलेलं ते एकच.

डोकं उघडं झालं, पण मान वर झाली नाही. ती मर्यादा मी सोडली नाही आणि तुम्हीही सोड म्हणाला नाहीत. खरं सांगते, मामंजी, चार वर्षं तुमच्या समोर उभी राहून काम केलं, पण तुमचा चेहरा मी सरळ कधी बघितला नाही. तुमचे हात मला पाठ आहेत. उजव्या अंगठ्याच्या नखावरची उभी भेग, मनगटावरचा डागलेला व्रण, भोक तपासायच्या निळ्या रंगानं कायमचे काळवंडलेले पेरांचे कोपरे. भिंतीवरच्या फोटोतला माणूस मला परका वाटतो. तुमचे हात फोटोत आलेले नाहीत.

काम आपण करायचो ते असं. लोखंड पकडणारी व्हाइस मधोमध, तिच्यात धरलेला गिअर नाहीतर चाक, त्याच्या भोकात उभा केलेला रीमर, गाजरासारखा निमुळता आणि अंगावर उभ्या धारा असलेला. रीमरच्या डोक्यावर आडवं हँडल, दोन्हीकडं दोन टोकं. तुम्ही पलीकडं, मी अलीकडं, समोरासमोर. माझ्या बाजूचं टोक मी उजवीकडून डावीकडं ढकलायचं, तुमच्या बाजूचं तुम्ही. अर्धा फेरा झाला की माझं टोक तुमच्याकडं जायचं आणि तुमचं माझ्याकडं यायचं. हाताला हात लागायचा नाही, लोखंड तेवढं इकडून तिकडं जायचं. एकाच बाजूनं जोर दिला की रीमर कलतो आणि भोकाचं तोंड फाटतं, म्हणून दोन्हीकडनं सारखा दाब लागतो. तुम्ही म्हणायचा, "जोर नगं देऊस. वजन दे. जोर चिडतो, वजन चिडत न्हाय." भोक बोटभर खोल, आणि या तोंडापासून त्या तोंडापर्यंत काचेच्या बांगडीच्या जाडीएवढासुद्धा फरक नाही. डोळ्याला ते सरळच दिसतं. पण पिन आत बसून एकदा हलका हातोडा पडला की मग बैल जुंपले तरी निघत नाही.

एकदा रीमर बाहेर काढताना मी उलटा फिरवला. झाकण उघडताना फिरवतात तसा. तुम्ही इतक्या जोरानं ओरडलात की परसातल्या कोंबड्या उडाल्या. "मागं न्हाय! मागं न्हाय फिरवायचा! धार मरती. भाईर काढायचा तरी त्याच अंगानं फिरवत काढायचा." मी रडले. तुम्ही स्वयंपाकघरातनं करडईच्या तेलाची वाटी स्वतः आणून माझ्याकडं सरकवलीत. सासूबाई म्हणाल्या, "कालवणाला तेल न्हाय अन् ह्यांची लोखंडाला फोडणी!" मी रडता रडता हसले. तुम्हीही हसला असाल. मी वर बघितलं नाही.

आता त्या दिवसाचं. तुम्हाला ठाऊक आहे का ते मला माहीत नाही, कारण त्यातला अर्धा दिवस तुम्ही नव्हता.

दुपार होती, वैशाखातली. पत्रा तापून टकटक वाजत होता. घाण्याच्या मोठ्या गिअरचं भोक, दोन दिवस चाललेलं, शेवटाला आलं होतं. मधेच तुम्ही हँडल सोडलंत आणि म्हणालात, "घसा सुकला. जरा पाणी पिऊन येतो. तू मोडू नगंस काम." सुनेनं उठून पाणी आणायचं, पण तुम्ही हातानंच थांब म्हणालात. तुमची पावलं दारापर्यंत गेलेली मी ऐकली. मग मी एकटीच हळूहळू ढकलत राहिले, इकडचं टोक, पुन्हा इकडचं टोक. थोड्या वेळानं पलीकडून वजन आलं. तुमचंच, ओळखीचं, ना कमी ना जास्त. मी मनात म्हटलं, आले. रीमर मऊ चालायला लागला, लोण्यात चालल्यासारखा. तारेसारखा बारीक कीस निघत होता. माझी नजर भोकावर. सात-आठ फेरे झाले असतील. बाहेरनं सासूबाईंची हाक आली. पहिली मी ऐकली, पण काम हाताशी आलं होतं आणि तुम्ही थांबला नाहीत म्हणून मीही थांबले नाही. दुसरी हाक किंकाळी होती. तेव्हा मी वर बघितलं. समोर कुणी नव्हतं. हँडल अजून थोडं पुढं गेलं आणि थांबलं.

तुम्ही ओट्यावर होता, भिंतीला टेकून. तांब्या कलंडलेला, आणि सांडलेलं पाणी कधीचं वाळून गेलेलं. दगडावर नुसता डाग उरला होता. वैशाखात पाणी लवकर वाळतं, हे मी स्वतःला खूप वर्षं सांगत आले.

तेराव्यानंतर मी त्या भोकात पिन घालून बघितली. पिनेला निळा रंग लावला, आत घालून जराशी फिरवून काढली. भोकाला पिन जिथं टेकते तिथं निळं उमटतं, तुम्हीच दाखवलेलं. वरपासून खालपर्यंत सगळं निळं होतं. एक ठिपका कोरा नव्हता.

तेव्हापासून मी हँडल एकाच बाजूनं फिरवते, मामंजी. अलीकडं उभी राहते, माझ्या वाट्याचं टोक डावीकडं नेते आणि सोडते. पुढचं मी करत नाही. पलीकडनं वजन असतं. रोज असतं असं नाही. पाणी भरताना, झाडताना, नुसतं लेथवर काम असताना काही नसतं. रीमर भोकात उभा केला की असतं. आधी मी भ्याले. देवळात गेले, नारळ फोडला. मग भीती हळूहळू सवयीत जिरली, आणि सवयीचं पुढं काय होतं ते मला सांगता येत नाही, पण हे गेले त्या वर्षी मी घरात कुणाशी बोलत नव्हते तेव्हासुद्धा शेडमध्ये जात होते. डाळजला उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या घरांची जोती दिसायला लागतात. माझी आई दरसाल काठावर जायची आणि पाण्यातल्या एका उंबऱ्याकडं बोट करून म्हणायची, "ते आपलं." कुणी राहत नाही, पण आपलं. तसं काहीतरी.

मग आली नातसून. माहेर इंदापूरचं, डिप्लोमा केलेली, एमआयडीसीत मोठ्या मशिनवर असते. तिथं टेपर म्हणजे पडद्यावर आकडे दाबायचे. लग्नानंतर आठच दिवसांत शेडच्या दारात उभी राहिली, पायात बूट, कमरेवर हात. माझं काम बघत बघत म्हणाली, "आज्जी, तुम्ही एकाच बाजूनं ढकलताय. भोक वाकडं जाणार."

"जात न्हाय."

"जाणारच. जायलाच पाहिजे."

मग तिनं स्वतः निळं लावून बघितलं. पिन काढली, उन्हात धरली, पुन्हा लावली, पुन्हा बघितली. मग खाली वाकून फरशीला हात लावला. मी जिथं उभी राहते तिथली शहाबादी पायांनी घासून गुळगुळीत झालीय. ते ठीक. पण व्हाइसच्या पलीकडंही तसाच डाग आहे, दोन पावलांएवढा, जिथं फरशी टाकल्यापासून कुणी उभं राहिलेलं नाही. पोरगी म्हणाली, "आज्जी, समोर कोण असतं?"

मी म्हटलं, "चहा झालाय. चल."

या दिवाळीनंतर लेकानं विषय काढला. माझी मनगटं आता दुखतात, पेला हातातनं सुटतो. तो म्हणाला, "आई, बास झालं आता. लेथ देऊन टाकू, शेडमध्ये ट्रॅक्टर लावू." त्याचं चुकलं नाही. पण नातसून मधे पडली, "मामा, मी शिकते आज्जीकडनं. रविवारी रविवारी. पंपाची लोकं मागून मागून परत जातात." आणि माझ्याकडं वळून, "शिकवाल ना?"

मी नुसतं "बघू" म्हटलं. का, ते तुम्हालाच कळेल. हे काम सांगून शिकवता येत नाही. हँडलचं दुसरं टोक हातात द्यावं लागतं, तुम्ही मला दिलंत तसं. दुसरं टोक म्हणजे तुमचं. तिला दिलं तर तुम्ही धरणार कुठं? न द्यावं तर माझ्याबरोबर काम जाणार, शेड जाणार आणि शेडबरोबर तुम्हीही जाणार. चार रविवार मी तिला झाडायला लावलं, तेल घालायला लावलं, रीमरच्या धारा पुसायला लावल्या. पाचव्या रविवारी ती म्हणाली, "आज्जी, आता मला हळद लावून देव्हाऱ्यात तरी बसवा, न्हायतर हँडल तरी द्या."

नरसिंहपूरच्या एका गुऱ्हाळवाल्याचा गिअर आला होता. हंगाम सुरू, चरक बंद, तो रोज फोन करत होता. मी म्हटलं, आधी भंगारातल्या तुकड्यावर हात बसव. सकाळचे अकरा वाजले होते, शेडमध्ये लख्ख ऊन. ती पलीकडं गेली आणि बरोबर त्या घासलेल्या डागावर उभी राहिली. हँडल धरलं. पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच रीमर थरथरला. मग कचकच करायला लागला, दात खाल्ल्यासारखा.

"आज्जी, वढू नका ना."

"मी वढत न्हाय."

"मग कोण वढतंय? माझ्या हातातनं जातंय ते!"

रीमर काढला. भोक गोल नव्हतं. नीट बघितलं की तीन कोन दिसत होते, स्पष्ट. तिनं बोट घातलं, फिरवलं, आणि माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. मग मी तिला सगळं सांगितलं. तेच, जे वर लिहिलंय ते. तुमचं पाणी प्यायला जाणं, हाका, सगळं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. डागावरनं एक पाऊल बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, "मग मी कुठं उभी र्‍हाऊ?"

"तितंच. दुसरी जागाच न्हाय."

"मग त्यांना सांगा की."

"मी? सासऱ्याला? बाजूला व्हा म्हणून? जन्मात उलटा शब्द बोलले न्हाय मी."

"तुमचे सासरे हायेत, तुमीच सांगायचं. मी नवी. मी बोलले तर उद्धटपणा दिसंल."

काय बोलली बघा पोरगी! भीतीनं तिचे ओठ पांढरे पडले होते आणि मर्यादा कुणाची कुणी पाळायची ते मात्र बरोबर ठाऊक. नरसिंहपूरचा गिअर व्हाइसमध्ये चढवला. रीमर उभा केला, तेल सोडलं. ती परत डागावर उभी राहिली, हँडल धरलं. मी धरलं. आणि मामंजी, मी मान वर केली. तुमच्यासमोर पहिल्यांदा. नातसुनेच्या डोक्याच्या वर वीतभर, जिथं तुमचा चेहरा असायला हवा तिथं बघितलं. तुमची उंची मला तुमच्या मनगटांवरनंच ठाऊक होती, तरी नजर बरोबर जाऊन थांबली. भिंत होती. भिंतीवर ऊन होतं. मी म्हटलं, "मामंजी, हात काढा आता. पोरगी धरतीय."

काही झालं नाही. पत्रा एकदा टक् वाजला. बाहेर कोंबडी कुठंतरी कुरकुरली. आणि नातसून म्हणाली, "आज्जी, हलकं झालं."

मी विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली. तिनं तिच्या तळव्याकडं बघितलं आणि पुन्हा म्हणाली, "आत्ता. आत्ता हलकं झालं. माझ्या हातावरनं कुणी हात उचलला असं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि माझ्या पोटातनं असं काही हसू वर आलं की मला हँडल धरवेना. इतकी वर्षं, मामंजी! इतकी वर्षं मी एकटीच. मला वाटायचं, उन्हात डोकं तापलेल्या एका बाईचा हा भ्रम असेल. आणि ज्या क्षणी तुम्ही गेलात त्याच क्षणी साक्षीदार मिळाला. ती रडतेय, मी हसतेय, मधे गुऱ्हाळवाल्याचा गिअर. मग आम्ही फिरवायला लागलो. तिचं वजन कच्चं आहे, दर फेऱ्याला कमीजास्त होतं, पण चिडत नाही. निळं लावून बघितलं तर खालच्या तोंडाशी नखाएवढं कोरं राहिलं, बाकी सगळं भरलं. अजून दोन फेऱ्यांत तेही भरलं. दुपारी गुऱ्हाळवाला येऊन गिअर घेऊन गेला. जाताना तिला म्हणाला, "मिस्त्रीण, आमच्याकडं काकवी न्यायला या." ती बूट घालून ताठ उभी होती.

लेकानं ट्रॅक्टर आता अंगणात लावलाय. मनगटांना मी एरंडाचा पाला बांधते. सगळं छान आहे.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, वही तिची आहे, पानं तेवढी फाडून घेईन. पण एक राहिलं. सोमवारी ती कामाला गेल्यावर मी एकटी शेडमध्ये गेले. भंगारातला दुसरा तुकडा घेतला, रीमर उभा केला आणि नेहमीसारखं एकाच बाजूनं ढकललं. पलीकडं काही नव्हतं. भोकाचं तोंड फाटलं, माझ्याकडं कललेलं, नवशिक्या हाताचं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच फरशीवर बसले. म्हणजे इतकी सरळ भोकं मी पाडत नव्हते. खरंच तुम्ही होता. तुकडा नातसुनेला दाखवला नाही, मांडणीवर मोठ्या परातीच्या मागं सरकवून ठेवलाय. फक्त एवढंच, मामंजी, की त्या सोमवारी मी नुसतं वजन दिलं होतं की मुद्दाम जोर दिला होता, ते मला शपथेवर सांगता यायचं नाही.